उपकरण क्रमांक चारशे सतरा

इस्त्रीकाका बावीस वर्षं जे काम करत होते ते कुणाला दिसत नव्हतं, आणि ह्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. कामच मुळी न दिसणाऱ्या उजेडाचं. संस्थेच्या तळमजल्यावर, दोन दारांच्या आत, खिडकी नसलेल्या एका थंडगार खोलीत एक लांबलचक पोलादी टेबल होतं. टेबलाच्या एका टोकाला हिरवागार लेझर सुरू व्हायचा, आरशांवरून उड्या मारत नखाएवढ्या एका स्फटिकात घुसायचा, आणि बाहेर पडताना त्याची तरंगलांबी निम्मी झालेली असायची. निम्मी झाली की तो अतिनील. अतिनील झाला की गायब! म्हणजे असायचा तिथेच, कातडी भाजून काढेल इतका असायचा, पण डोळ्यांना शून्य. माणसानं दिवसभर खपून दिवा लावावा आणि तो लागला की काहीच दिसू नये, असला हा उफराटा धंदा.

मग तो उजेड कुठे पडलाय हे कळणार कसं? त्यासाठी काका होते. त्यांनी एका हातात पांढरं व्हिजिटिंग कार्ड धरायचं आणि दुसऱ्या हातानं आरशाचा स्क्रू केसभर फिरवायचा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून कार्डात जो रंग घालतात तो अतिनील पडला की निळा चमकतो. कार्डावर निळा ठिपका उमटला की समजायचं, स्वारी इथे आहे. केसभर तर सगळेच फिरवायचे हो, पण इतरांचा केस म्हणजे झाडूची काडी आणि काकांचा केस म्हणजे तान्ह्या बाळाचं जावळ. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई काकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि पन्नास पटींनी शिकलेल्या, पण स्क्रूला हात लावायची वेळ आली की त्या मागे सरकायच्या आणि म्हणायच्या, "काका, तुम्हीच."

इस्त्रीकाका हे नाव त्यांना शर्टामुळे पडलं होतं. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, बाहीवरची घडी अशी की बोट कापेल. इस्त्री ते स्वतः करायचे, धुणं बायकोकडे होतं. तिचं मात्र ह्या नोकरीविषयी पहिल्यापासून बरं मत नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "आज काय केलंत?"

"उजेड पाडला."

"कुठे?"

"दिसत नाही गं तो."

"मग पाडला कशावरून?"

ह्या प्रश्नाला काकांकडे उत्तर होतं, पण ते चाळीस मिनिटांचं होतं आणि ती सातव्या मिनिटाला भांडी घासायला उठली. तेव्हापासून कुणी विचारलं तर ती सांगायची, "पगार वेळेवर होतो, बाकी मला काही विचारू नका."

आता त्या कार्डांची कथा ऐका. फार पूर्वी संस्थेला एक संचालक आले होते. त्यांनी आल्या आल्या हजार व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली, आणि कार्डं छापून आली त्याच दिवशी त्यांची बदली झाली. तो अख्खा खोका तळमजल्यावर येऊन पडला. अठरा वर्षं प्रयोगशाळा त्या एका माणसाच्या नावावर चालली. आठवड्याला एक कार्ड काढायचं, उजेडात धरायचं, मधोमध तपकिरी डाग पडला की फेकायचं. त्या बिचाऱ्याला कुठे माहीत, की आपलं नाव कुठल्यातरी तळघरात अठरा वर्षं थोडं थोडं जळतंय!

एका सोमवारी हजारावं कार्ड संपलं. काकांनी वरून नवी मागवली तर आली मातकट, कारण मधल्या काळात संस्थेला पर्यावरणाचा पुळका आला होता आणि कार्डांपासून छपाईच्या कागदापर्यंत सगळं रद्दीपासून बनवलेलं, बिनरंगाचं येत होतं. मातकट कागद अतिनीलापुढे ढिम्म! बाहेरून पांढरी कार्डं आणायची तर अर्ज, तीन सह्या आणि पाच महिने. चार दिवस सगळं काम ठप्प. बाई खोलीभर येरझाऱ्या घालत होत्या आणि काका टेबलाशी अंदाजानं चाचपडत होते.

चाचपडता चाचपडता त्यांची बाही पुढे गेली, आणि कफावर असा निळा भडका उठला की बाईंनी गॉगलमधूनसुद्धा डोळे बारीक केले.

"काका, हलू नका!" त्या ओरडल्या.

काका हलले नाहीत. हलू नका म्हणजे किती वेळ हे बाई सांगायला विसरल्या आणि काकांनी विचारलं नाही. बाईंनी मीटर आणलं, कफाची चमक मोजली, मग कॉलरची, मग खिशाची. पाठही मोजली. पाऊण तासानं त्या मान वर करून म्हणाल्या, "तुमचा शर्ट संचालकांपेक्षा एक तृतीयांशानं जास्त उजळ आहे." हे ऐकायलाही काका तसेच, वेशीवर पुतळा उभा असावा तसे, हात पुढे करून उभे होते. नंतर दोन दिवस तो हात खाली घेताना दुखत होता.

इथवर ठीक होतं. पण संस्थेत एक गृहस्थ होते, आस्थापना विभागाचे. त्यांच्या प्रत्येक वाक्यात एखादं कलम असायचंच, म्हणून त्यांना कलमसाहेब म्हणत. कलमसाहेबांना बातमी लागली आणि ते फाइल घेऊन खाली उतरले. ज्या वस्तूनं मोजमाप होतं ती वस्तू म्हणजे उपकरण, कलम अकरा. उपकरण कर्मचाऱ्यानं घरी न्यायचं नाही, कलम चौदा. काकांनी तिथल्या तिथे शर्ट काढून दिला. त्याला क्रमांक मिळाला चारशे सतरा. रजिस्टरात नोंद झाली: निर्माता अज्ञात, गळ्याचं माप चाळीस, दुरुस्ती एक बटण. ज्या कपाटात स्फटिक ठेवायचे त्या कोरड्या, उबदार कपाटात शर्टाला जागा झाली.

काका अंगात प्रयोगशाळेचा कोट घालून घरी गेले.

"शर्ट कुठाय?" बायकोनं दारातच विचारलं.

"संस्थेत जमा झाला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "बावीस वर्षं संसार झाला. ह्याहून बरी थाप सुचली नाही का हो तुम्हाला?"

खरा घाव पुढच्याच आठवड्यात बसला. बाईंनी शर्ट एका चौकटीवर ताणून टेबलाशी बसवला होता आणि सगळं झकास चाललं होतं. कलमसाहेब पुन्हा आले. त्यांनी काकांची नेमणूक वाचून दाखवली. पदाचं नाव होतं 'कार्डधारक सहायक'. आता खोलीत कार्डं नाहीत, म्हणजे धारक नको. शर्ट चौकटीवर आपला आपण उभा राहतो, त्याला धरायला माणूस लागत नाही. सबब शर्ट कायम आणि काका जादा. पहिल्या तारखेपासून त्यांनी स्टोअरमध्ये हजर व्हावं, खुर्च्या आणि झाडू तिथे आहेत.

"आणि स्क्रू कोण फिरवणार?" बाईंनी विचारलं.

"नेमणुकीत स्क्रूचा उल्लेख नाही," कलमसाहेब म्हणाले.

बाई वर जाऊन भांडल्या, दोन पत्रं लिहिली, शेवटी त्यांनीही हात टेकले. काका भांडले नाहीत. त्यांना फार काही नको होतं हो. पदोन्नती त्यांनी कधी मागितली नव्हती. त्यांना फक्त सकाळी त्या खोलीत जायचं होतं, हिरवा उजेड स्फटिकात शिरताना बघायचा होता, आणि तो जिथे गायब होतो तिथे तो आहे हे जगातल्या बाकी सगळ्यांच्या आधी ओळखायचं होतं. आपला स्वतःचा शर्ट आत आणि आपण बाहेर, ह्याचं दुःख कुणाला सांगावं तर ऐकणारा आधी हसायचा.

स्टोअरमध्ये ते खुर्च्या मोजायचे. घरी येऊन जेवायचे, पण मान खाली घालून, भाजीत मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत. बायकोनं एकदा मुद्दाम मीठ घातलंच नाही. त्यांनी ताट स्वच्छ केलं आणि हात धुवायला उठले.

तीन आठवड्यांनी शर्ट मंदावला. अतिनील प्रकाश ज्याला चमकवतो त्यालाच हळूहळू खातो. धुण्याच्या पावडरीतून कापडात उतरलेला चमकणारा रंग विटत गेला आणि निळा ठिपका ओळखूही येईना. शर्ट संस्थेच्या धोब्याकडे गेला, तो कडक होऊन आला आणि निर्जीव निघाला. बाईंनी स्वतः चार पावडरींत धुऊन पाहिला, उन्हात वाळवला, तरी चमकायचं नाव नाही. तेव्हा कलमसाहेबांनी ठरवलं की उपकरणाच्या देखभालीची मूळ पद्धत मूळ ठिकाणी जाऊन नोंदवली पाहिजे, कलम एकवीस.

एका शनिवारी दुपारी काकांच्या घरातल्या न्हाणीघरात तीन माणसं शिरली. कलमसाहेब उलट्या बादलीवर बसले, मांडीवर फाइल. बाई मीटर घेऊन नळाशी. काकू पदर खोचून मधोमध. काका दाराबाहेर, कारण आत जागा नव्हती, आणि तसेही ते आता स्टोअरचे.

"पहिली पायरी?" कलमसाहेबांनी विचारलं.

"पावडर कोमट पाण्यात विरघळवायची. शर्ट तासभर भिजवायचा. कॉलर हातानं चोळायची, ब्रश नाही. तीन पाण्यांतून काढायचा. उलटा करून सावलीत वाळवायचा. उन्हात घातलात की गेला."

"उन्हात अतिनील असतो!" बाई नळाशीच उडाल्या. "तिथेच तर चुकले मी!"

"ते मला माहीत नाही. माझी आई सावलीत वाळवायची." मग काकू थांबल्या. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. नवरा भिंतीला टेकून आपल्या पायांकडे बघत होता. "पण ही दुसरी पायरी झाली," त्या म्हणाल्या. "पहिली राहिलीच. शर्ट आधी मळलेला लागतो."

कलमसाहेबांचं पेन थांबलं. "मळलेला म्हणजे?"

"अंगावर घातलेला. दिवसभर. आठ तास."

"कुणाच्या अंगावर?"

"ज्याचा आहे त्याच्या. आणि जिथे तो वापरायचा त्याच खोलीत. घामाशिवाय पावडर धरत नाही."

"दुसऱ्या कर्मचाऱ्यानं घातला तर चालणार नाही?"

"चालेल की. मग त्याच्याच बायकोकडून धुऊन घ्या."

कलमसाहेबांनी हे शब्दशः लिहून घेतलं. सोमवारी काका आठ तास शर्ट घालून त्या खोलीत उभे राहिले, रात्री काकूंनी तो धुतला, आणि बुधवारी चाचणीच्या कागदावर सही करायला त्या स्वतः संस्थेत आल्या. त्यांना गॉगल दिला. खोलीतले दिवे घालवले. काकांनी स्क्रूला हात लावला, केसभर फिरवला, आणि बाहीवर निळा भडका उठला.

"अगबाई!" काकू म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही बावीस वर्षं करताय होय? आणि मला वाटायचं, तुम्ही नुसते बसता."

त्याच दिवशी रजिस्टरात दुरुस्ती झाली. चारशे सतरा, शर्ट, पांढरा, पूर्ण बाह्या. चारशे सतरा-अ, शर्टासोबतचा माणूस, एक. काकांना गळ्यात घालायला तसा बिल्लाही मिळाला. एरवी कुणाचा अपमान झाला असता, पण काकांच्या जिवात जीव आला. घरी जाऊन त्यांनी भाजीत तिखट जास्त झाल्याची तक्रार केली आणि काकूंना इतकं बरं वाटलं की त्यांनी ती ऐकून घेतली.

पण काका म्हणजे काका. रविवारी शर्टावर इस्त्री फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, "अगं, घामाचं ते खरं ना?"

"कुठलं?"

"घामाशिवाय पावडर धरत नाही म्हणालीस ते."

काकूंनी हातातला कपडा झटकला. "काही तरीच! नवा कपडा धुतेच की मी. तुमचं ते उतरलेलं तोंड बघवत नव्हतं मला, म्हणून सांगितलं. बसा आता गप्प."

झालं! माणसानं इथे बायकोचे आभार मानावेत आणि चहा प्यावा. काका इस्त्री हातात धरून उभे राहिले. बावीस वर्षांत त्यांनी नोंदवहीत एकही खोटं वाचन लिहिलं नव्हतं. एकदा मीटर पडून बिघडलं तेव्हा त्यांनी 'मीटर माझ्या हातून पडले' असं लिहून खाली सही केली होती. आणि आता रजिस्टरात पायरी क्रमांक एक खोटी होती, आणि त्या खोट्यावर ते स्वतः उभे होते. बोललं तर खुर्च्या आणि झाडू. न बोललं तर ती खोली आणि तो उजेड. आठवडाभर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, आणि आठवडाभर त्यांना नीट जेवण गेलं नाही.

शेवटी त्यांनी मोजून पाहायचं ठरवलं. शर्ट विटला तेव्हा त्यांनी तो अंगात न घालता पिशवीतून घरी नेला, बायकोला धुवायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी उजेडात धरून चमक मोजली. तीनदा मोजली. घातलेल्या शर्टाची आणि न घातलेल्याची चमक तंतोतंत एक. त्यांनी नोंदवहीत वळणदार अक्षरात लिहिलं, 'शर्ट घालण्याची आवश्यकता आढळली नाही', खाली सही केली, आणि वही बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

बाईंनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"हे तुम्ही लिहिलंत?" त्या म्हणाल्या. "म्हणजे काय होईल ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"हो."

"वाचनं किती घेतलीत?"

"तीन."

"वाचनं नाही विचारत. धुणी किती?"

"एकच."

"एक!" बाई एकदम उखडल्या. "एका धुण्यावरून निष्कर्ष? काका, एवढी वर्षं ह्या खोलीत काढलीत आणि हे लिहिता? योगायोग असू शकतो. पाणी वेगळं असेल. निदान शंभर धुणी घातलेल्या शर्टाची पाहिजेत आणि शंभर न घातलेल्याची. आलटून पालटून, आठवड्याला एक. तोवर ठरलेल्या पद्धतीत कुणालाही बदल करता येणार नाही."

"आणि न घालायच्या आठवड्यात मी कुठे..."

"इथेच. शर्ट हातावर घेऊन उभं राहायचं. नाहीतर तुलना कशी होणार? आणि हात रिकामा असेल तेव्हा स्क्रू बघायचा."

काकांनी मनात हिशेब केला. दोनशे धुणी म्हणजे दोनशे आठवडे. त्यांनी तो पुन्हा केला, कारण खोटं बोलणं त्यांना ह्या घटकेलाही जमत नव्हतं.

"मॅडम, मी एकशे शहाण्णव आठवड्यांनी निवृत्त होतो."

बाईंनी पेन उघडलं आणि काकांच्या सहीखाली लिहिलं, 'माहिती अपुरी. प्रयोग चालू ठेवावा.' वही मिटून त्यांच्या हातात दिली.

"मग चार धुणी कमी पडतील," त्या म्हणाल्या. "निष्कर्ष निघणार नाही. काय करणार, शास्त्र आहे."

काका वही छातीशी धरून खोलीत आले, दोन्ही दारं लावून घेतली आणि पोलादी टेबलाशी उभे राहून लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसले, गॉगल चढवला आणि हिरवा उजेड सुरू केला.